जपानीतलं 'ते शिमाउ' : 'टाकणे', 'बसणे' आणि 'जाणे' यांच्या मदतीने

जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन५ ही सगळ्यात सोपी पातळी (सगळ्यात अवघड एन१) पार करून एन४च्या अभ्यासाला लागलं की थोड्याच दिवसांत एक जोडरूप समोर येतं : क्रियापदाचं 'ते' रूप (आपल्या 'लिहून', 'खाऊन'सारखं) आणि त्यापुढे 'शिमाउ'. वर्गात त्याचे दोन अर्थ फळ्यावर लिहिले जातात. पहिला, काम पूर्ण होणे. दुसरा, घडलेल्या गोष्टीचा खेद वाटणे. विद्यार्थी ते वहीत उतरवून घेतात, परीक्षेत बरोबर पर्यायावर खूणही करतात, पण बोलायची वेळ आली की 'शिमाउ' काही तोंडात येत नाही. जपानी माणसांच्या रोजच्या बोलण्यात मात्र ते पदोपदी ऐकू येतं.

याचं कारण मला तरी शिकवण्याच्या माध्यमात दिसतं. आपल्याकडे जपानी बहुतेक वेळा इंग्रजीतून शिकवली जाते. इंग्रजीत क्रियापदाला दुसरं क्रियापद जोडून बोलणाऱ्याची भावना दाखवायची फारशी सोय नाही, म्हणून 'पूर्णपणे' आणि 'दुर्दैवाने' अशा शब्दांनी काम भागवावं लागतं. मराठीत ती सोय आहे आणि आपण ती दिवसभर वापरत असतो. 'त्याने पत्र लिहिलं' आणि 'त्याने पत्र लिहून टाकलं' यांतला फरक कुणी आपल्याला शिकवलेला नाही, तरी तो कधी चुकत नाही. 'विसरलो' आणि 'विसरून गेलो', 'बोललो' आणि 'बोलून बसलो' यांचंही तसंच. 'ते शिमाउ' याच जातीचं रूप आहे. मराठी माणसाने ते मराठीतूनच शिकावं असं माझं ठाम मत आहे, आणि हा लेख त्यासाठीच.

लेखनाबद्दल आधी थोडं. इथे सगळी जपानी वाक्यं देवनागरीत आहेत. जपानी 'आ' ऱ्हस्व असतो, तो इथे काना देऊन लिहिला आहे, पण उच्चारताना लांबवू नका. 'ओओ', 'एए', 'उउ' असं दोनदा लिहिलेलं असेल तिथे मात्र स्वर खरोखर दुप्पट लांब आहे. 'त्सु' म्हणजे जवळजवळ आपल्या 'चुना'मधला चु. 'च्या' म्हणजे 'त्याच्या'मधला च्या. हा शेवटचा उच्चार पुढे फार लागणार आहे.

पहिली पायरी : 'शिमाउ' हे मुळात काय आहे?

'शिमाउ' हे स्वतंत्र क्रियापदही आहे. वस्तू जागच्या जागी ठेवून देणे, कपाटात आत टाकणे, आवरणे, बंद करणे असे त्याचे अर्थ. थंडी संपली की लोकरीचे कपडे 'शिमाउ' करतात. दुकानदार धंदा कायमचा बंद करतो तेव्हाही 'मिसे ओ शिमाउ' म्हणतात. त्यावरूनच 'ओशिमाइ' हा शब्द आला : समाप्त, संपलं. लहान मुलांना गोष्ट सांगून झाली की शेवटी 'ओशिमाइ' म्हणतात.

जोडरूपातही हेच बीज आहे. गोष्ट घडली, आता ती मिटली, मागे फिरायची वाट नाही. ती मिटल्याचं समाधान वाटतंय की हळहळ, हे वाक्यावर आणि प्रसंगावर ठरतं. म्हणून मी विद्यार्थ्यांना दोन अर्थ पाठ करायला सांगत नाही. 'झालं ते झालं, आता फिरवता येणार नाही' एवढी एकच कल्पना पक्की धरायला सांगतो.

'शिमात्ता!' हा उद्गारही यातूनच आला. किल्ली घरात राहिली आणि दार ओढून घेतलं हे जिन्यात लक्षात आलं की आपण 'अरे देवा!' किंवा 'घात झाला!' म्हणतो, तिथे जपानी माणूस 'शिमात्ता!' म्हणतो.

दुसरी पायरी : रूप बनवणं

'ते' रूप पक्कं असेल तर इथे नवीन असं काहीच नाही. नसेल तर आधी ते घटवून घ्या, कारण पुढची बोलीभाषेतली रूपं पूर्णपणे त्यावर उभी आहेत.

पहिल्या गटातली क्रियापदं :
- शेवटी उ, त्सु, रु : काउ – कात्ते, मात्सु – मात्ते, काएरु – काएत्ते
- शेवटी मु, बु, नु : नोमु – नोन्दे, आसोबु – आसोन्दे, शिनु – शिन्दे
- शेवटी कु : काकु – काइते (अपवाद : इकु – इत्ते)
- शेवटी गु : ओयोगु – ओयोइदे
- शेवटी सु : ओतोसु – ओतोशिते

दुसऱ्या गटात शेवटचा 'रु' जाऊन 'ते' येतो : ताबेरु – ताबेते, वासुरेरु – वासुरेते. तिसऱ्या गटात दोनच : सुरु – शिते, कुरु – किते.

आता पुढे 'शिमाउ' जोडा आणि काळ, आदर, नकार हे सगळं 'शिमाउ'वर चालवा. ते पहिल्या गटातलं क्रियापद आहे, म्हणजे 'काउ'सारखं चालतं : शिमाउ, शिमाइमासु, शिमात्ता, शिमाइमाशिता, शिमावानाइ, शिमात्ते, शिमाओओ. मूळ क्रियापद 'ते' रूपात गोठलेलं राहतं. मराठीतही असंच होतं : 'लिहून' तसंच राहतं आणि 'टाकतो, टाकलं, टाकीन, टाकू नकोस' असं 'टाकणे' बदलत जातं.

मु, बु, नु, गु या चार शेवटांना 'ते'ऐवजी 'दे' येतो हे विशेष लक्षात ठेवा. 'नोन्दे शिमाउ', 'ओयोइदे शिमाउ'. बोलीत याची किंमत मोजावी लागते.

तिसरी पायरी : अर्थ मराठीतून पकडणं

सगळ्यात आधी जाणूनबुजून केलेलं काम घ्या.

'रेपोओतो ओ क्योओज्युउ नि काइते शिमाइमासु.' अहवाल आजच्या आज लिहून टाकतो.
'हायाकु काताझुकेते शिमाइमाश्योओ.' चला, पटकन आवरून टाकूया.

इथे खेदाचा लवलेशही नाही. मागे लागलेलं काम एकदाचं संपवायचं आहे, त्यासाठी मराठीत 'टाकणे' चपखल बसतं. क्रियापद आपल्या हातातलं असेल आणि वाक्य पुढच्या काळाबद्दल, बेताबद्दल किंवा आज्ञेबद्दल असेल, तर अर्थ जवळजवळ नेहमी हाच असतो. 'क्योओज्युउ नि' (आजच्या आज), 'हायाकु' (लवकर), 'झेन्बु' (सगळं) असे शब्द सोबत दिसले की खात्री करून घ्यायला हरकत नाही.

आता आपल्या हातात नसलेल्या गोष्टी.

'शिकेन् नि ओचिते शिमात्ता.' परीक्षेत नापास झालो.
'देन्शा नि कासा ओ वासुरेते शिमाइमाशिता.' गाडीत छत्री विसरून आलो.
'साइफु ओ ओतोशिते शिमाइमाशिता.' पाकीट कुठेतरी पाडलं हो.

नापास होणं, विसरणं, हरवणं कुणी ठरवून करत नाही. अशा क्रियापदांपुढे 'शिमाउ' आलं की हळहळ आलीच. मराठीत इथे बहुधा 'जाणे' येतं (विसरून गेलो, तुटून गेलं), किंवा मग सगळं काम बोलण्याच्या सुरावर सोपवलेलं असतं.

तिसरा प्रकार मला सगळ्यात आवडतो. काम आपणच केलं, पण करायचं नव्हतं. मनाचा ब्रेक लागला नाही.

'ओमोवाझु वारात्ते शिमात्ता.' हसू आवरलंच नाही.
'आमाइ मोनो ओ मिरु तो, त्सुइ ताबेते शिमाउ.' गोड दिसलं की खाल्लंच जातं.
'योकेइना कोतो ओ इत्ते शिमात्ता.' नको ते बोलून बसलो.

'खाल्लंच जातं' हे मराठी वाक्य जरा निरखून पाहा. खाणारा मीच, पण वाक्यातून मी बाजूला झालो आणि खाणं आपोआप घडल्यासारखं झालं. 'बोलून बसलो'मधला 'बसणे' आणखी वेगळा : आता परिणाम भोगत बसायची वेळ आली आहे. जपानी या दोन्ही ठिकाणी 'शिमाउ'वर भागवते आणि बाकीचा रंग 'त्सुइ' (मोह आवरला नाही), 'उक्कारि' (बेसावधपणे), 'ओमोवाझु' (नकळत) या क्रियाविशेषणांनी भरते. हे तिन्ही शब्द 'शिमाउ'सोबतच पाठ करा. सुटे पाठ केले तर ते कुठे वापरायचे तेच कळत नाही.

आता एक वाक्य संदर्भ काढून घेऊन पाहू : 'केएकि ओ झेन्बु ताबेते शिमात्ता.' याचा अर्थ काय? फ्रिजमधला उरलेला केक आज खराब होणार होता आणि तुम्ही तो संपवलात, तर 'सगळा केक खाऊन टाकला'. तोच केक बहिणीसाठी ठेवलेला होता आणि बोलता बोलता संपला, तर 'अरे, सगळाच केक खाल्ला गेला'. जपानी वाक्य दोन्हीकडे तेच राहतं. ऐकणारा प्रसंगावरून ओळखतो, शिवाय बोलणाऱ्याचा चेहरा समोर असतोच. परीक्षेत असं वाक्य आलं तर आधीचं आणि पुढचं वाक्य वाचल्याशिवाय उत्तर देऊ नका.

आणि 'खेद' या शब्दात अडकू नका. 'सेन्सेइ नि होमेरारेच्यात्ता!' म्हणजे 'बाईंनी माझं कौतुक केलं!' (रूप बोलीतलं आहे, त्याचं पुढे येईलच). यात खेद कसला? अनपेक्षितपणे घडलं, आपल्या हातात नव्हतं, आणि सांगताना थोडं लाजायला होतंय एवढंच. प्रेमात पडल्याची कबुली देतानाही 'सुकि नि नात्ते शिमात्ता' म्हणतात. ठरवून प्रेमात पडता येत नाही आणि पडल्यावर माघारही घेता येत नाही, म्हणून तिथे 'शिमाउ' शोभतं. 'दुर्दैवाने' हे भाषांतर घोकलेला विद्यार्थी नेमका इथे गोंधळतो.

चौथी पायरी : कप फुटला की फोडला?

मराठी माणसाला 'शिमाउ' सोपं जातं हे खरं, पण याच ठिकाणी मराठी त्याला चकवते. ही पायरी घाईने वाचू नका. जपानी माणसांसोबत काम करणाऱ्यांना तर हिचा रोज उपयोग होईल.

पाहुणे म्हणून गेलात आणि हातातला पेला निसटून फुटला. मराठीत काय म्हणाल? 'अरेरे, पेला फुटला', फार तर 'माझ्या हातून पेला फुटला'. 'मी पेला फोडला' असं कुणी म्हणत नाही. तसं म्हटलं तर मुद्दाम आपटल्यासारखं वाटेल. मराठीत सकर्मक क्रियापद वापरलं की त्यामागे हेतू दिसतो, म्हणून अपघात सांगताना आपण अकर्मक क्रियापद आणि 'हातून' यांचा आधार घेतो.

जपानीत याच्या बरोबर उलट चालतं. तुमच्या हातून झालं असेल तर सकर्मक क्रियापद घेऊन त्याला 'शिमाउ' जोडायचं :

'कोप्पु ओ वात्ते शिमाइमाशिता. सुमिमासेन्.'

शब्दशः 'मी पेला फोडला', पण 'शिमाउ'मुळे मुद्दाम नव्हे हे स्पष्ट होतं आणि चूक माझी हेही मान्य होतं. 'कोप्पु गा वारेते शिमाइमाशिता' म्हणालात, म्हणजे 'पेला फुटला', तर ते व्याकरणात बरोबर आहे, पण यजमानाला वाटेल की हा जबाबदारी झटकतोय. पेला आपल्या मनाने कसा फुटेल?

जपानी आणि भारतीय भाषांमधल्या या फरकावर प्रशांत परदेशी या मराठी भाषावैज्ञानिकांनी संशोधन केलं आहे. टोकियोतल्या राष्ट्रीय जपानी भाषा संशोधन संस्थेत त्यांनी जपानी क्रियापदांवर मोठं काम केलं. हेतू नसताना घडलेल्या घटना सांगताना जपानी भाषा जबाबदारीकडे पाहते आणि आपल्या भाषा हेतूकडे पाहतात, असा त्यांच्या मांडणीचा गाभा. एकदा हे मनात बसलं की बरीच वाक्यं आपोआप सुधारतात.

ऑफिसमधलं उदाहरण घ्या. सर्व्हरवरचा डेटा चुकून तुमच्या हातून गेला. मराठी डोक्यातून 'डेटा डिलीट झाला' असं वाक्य निघतं आणि त्याचं जपानी होतं 'देएता गा किएते शिमाइमाशिता'. क्लायंटला यातून कळतं ते एवढंच की डेटा कसा कोण जाणे गायब झाला. तो लगेच कारण विचारणार, आणि खरं कारण कळल्यावर त्याचा विश्वास कमी होणार. तिथे म्हणायचं :

'देएता ओ केशिते शिमाइमाशिता. मोओशिवाके आरिमासेन्.'

'किएरु' म्हणजे नाहीसं होणं, 'केसु' म्हणजे नाहीसं करणं. अशा जोड्या जोडीनेच पाठ करा : वारेरु – वारु (फुटणे – फोडणे), कोवारेरु – कोवासु (बिघडणे – बिघडवणे), ओचिरु – ओतोसु (पडणे – पाडणे), ओकुरेरु – ओकुरासेरु (उशीर होणे – उशीर करणे). चूक तुमची असेल तर 'करणारं' रूप आणि 'शिमाउ'. वीज गेल्याने मशीन खरोखरच आपोआप बंद पडलं असेल तर अर्थातच 'होणारं' रूप.

सीमारेषेवरचाही एक प्रसंग पाहू. हॉटेलची खोली, दार आपोआप लॉक होणारं, किल्ली आत. खाली काउंटरवर जाऊन सांगायचं : 'कागि ओ हेया नि ओइता मामा, दोआ गा शिमात्ते शिमाइमाशिता.' किल्ली आत असतानाच दार बंद झालं. इथे दार स्वतःच बंद झालं, म्हणून 'होणारं' रूप योग्य. पहिलं 'शिमात्ते' हे 'शिमारु' म्हणजे बंद होणे याचं, पुढचं 'शिमाइमाशिता' आपल्या 'शिमाउ'चं. 'ते' रूप दोघांचंही 'शिमात्ते', पण क्रियापदं वेगळी. त्याहून छोटं वाक्य हवं असेल तर 'कागि ओ हेया नि वासुरेते शिमाइमाशिता', किल्ली खोलीत विसरलो. काउंटरवरच्या माणसाला तेवढं पुरे.

पाचवी पायरी : बोलण्यातलं 'च्याउ' आणि 'ज्याउ'

मित्रमंडळीत, घरात, मालिकांमध्ये 'ते शिमाउ' असं सुटं सुटं क्वचितच ऐकू येतं. ते आकसतं :

ते शिमाउ – च्याउ
दे शिमाउ – ज्याउ

ताबेते शिमात्ता – ताबेच्यात्ता. इत्ते शिमात्ता – इच्च्यात्ता. शिते शिमात्ता – शिच्यात्ता. नोन्दे शिमात्ता – नोन्ज्यात्ता. शिन्दे शिमात्ता – शिन्ज्यात्ता. दुसऱ्या पायरीत 'दे' लक्षात ठेवायला सांगितलं ते यासाठी. 'नोन्च्यात्ता' असं रूप जपानीत नाही.

'च्याउ'ही पुढे नेहमीसारखं चालतं : च्याइमासु, च्यात्ता, च्यात्ते, च्याओओ, च्याए. यातल्या 'च्याओओ'ला एक खास चव आहे. 'ज्युग्योओ, साबोच्च्याओओ का?' म्हणजे 'तास बुडवूया का?' करू नये हे माहीत आहे, तरी करायचं ठरतंय. 'जाऊ दे, मारूच दांडी' हा सूर त्यात बरोबर उतरतो. मित्राला चढवताना 'याच्च्याए!' म्हणतात : कर रे, करून टाक! पुरुषांच्या रांगड्या बोलण्यात 'चिमाउ', 'जिमाउ' अशी रूपंही येतात. ती ओळखता आली म्हणजे झालं, तुम्ही वापरायची गरज नाही.

ऐकताना दोन ठिकाणी फसगत होते. पहिली, 'ताबेच्या दामे'. यातलं 'च्या' हे 'शिमाउ'चं नव्हे, 'ते वा'चं आकसलेलं रूप आहे : 'ताबेते वा दामे', खायचं नाही. 'इच्च्या दामे' म्हणजे जायचं नाही, 'इच्च्यात्ता' म्हणजे निघून गेला. 'च्या'च्या पुढे 'दामे' किंवा 'इकेनाइ' आलं तर मनाई, 'उ' किंवा 'त्ता' आलं तर 'शिमाउ'. दुसरी फसगत ओसाका-क्योतोकडे होते. तिकडच्या बोलीत 'च्याउ' म्हणजे 'चिगाउ', म्हणजे 'नाही, तसं नाही'. आणि आपलं 'ते शिमात्ता' तिकडे 'ते मोओता' होतं : 'ताबेते मोओता', खाऊन टाकलं. कान्साइमध्ये, म्हणजे या ओसाका-क्योतो भागात, नोकरीला जाणाऱ्यांनी हे दोन्ही कानात साठवून जावं.

लेखी व्यवहारात आणि वरिष्ठांसमोर 'च्यात्ता' अजिबात नको. 'ओकुरेच्यात्ते, सुमिमासेन्' मित्राला चालतं. ऑफिसच्या मेलमध्ये पूर्ण रूप हवं, आणि औपचारिक लेखनात 'शिमात्ते'ऐवजी 'शिमाइ' जास्त शोभतं :

'हेन्शिन् गा ओसोकु नात्ते शिमाइ, मोओशिवाके गोझाइमासेन्.' उत्तराला उशीर झाला, क्षमस्व.

हे वाक्य अख्खं पाठ करून ठेवा. जपानी कंपनीशी पत्रव्यवहार असेल तर याची गरज पडतेच.

सहावी पायरी : कुठे हात आवरायचा

'शिमाउ'मध्ये बोलणाऱ्याचं मन डोकावतं. म्हणून जिथे मन डोकावू नये तिथे ते टाळायचं. अपघाताची किंवा निधनाची बातमी देताना वृत्तनिवेदक साधा भूतकाळ वापरतो. आपले आजोबा गेल्याचं सांगताना मात्र 'सोफु गा नाकुनात्ते शिमाइमाशिता' म्हणणं स्वाभाविक आहे, त्यात आपली हळहळ आहे.

दुसऱ्याच्या कृतीला 'शिमाउ' लावताना जास्त जपा. 'सेन्सेइ वा मोओ काएत्ते शिमाइमाशिता' म्हणजे 'सर निघूनसुद्धा गेले', आणि त्यामुळे माझी पंचाईत झाली असा सूर त्यात येतो. फक्त माहिती द्यायची असेल तर 'सेन्सेइ वा मोओ ओकाएरि नि नारिमाशिता'. तसंच 'काइगि वा ओवात्ते शिमाइमाशिता का' हा साधा प्रश्न राहत नाही. 'मीटिंग संपली पण का, मला गाठताच आली नाही' असं त्यातून ऐकू येतं. तुम्हाला खरंच तसं वाटत असेल तर जरूर म्हणा.

नुसतं काम संपल्याचं सांगायचं असेल तर 'योमिओवारिमाशिता' (वाचून झालं) हे तटस्थ रूप आहे. 'योन्दे शिमाइमाशिता'मध्ये 'एकदाचं वाचून काढलं' किंवा 'वाचायला नको होतं, वाचलं गेलं' असं काहीतरी मागे उभं असतं.

मराठीतला प्रत्येक 'टाकणे' आणि 'बसणे'ही 'शिमाउ'कडे नेऊ नका. 'टाकून दिलं' म्हणजे साधं 'सुतेता'. 'उठून बसला'मध्ये तो खरोखरच बसला आहे.

सातवी पायरी : शेजारपाजार

'शिमाउ' जमलं की त्याच्या भावंडांशी ओळख सोपी जाते, कारण तीही मराठीत जशीच्या तशी हजर आहेत. 'काइते ओकु' म्हणजे लिहून ठेवणे, पुढच्या सोयीसाठी. 'काइते मिरु' म्हणजे लिहून पाहणे. 'काइते शिमाउ' म्हणजे लिहून टाकणे. ठेवणे, पाहणे, टाकणे : एवढं जुळवलं की या तिघांत गोंधळ होत नाही.

'शिमात्ते इता' हे रूप भूतकाळातल्या आणखी मागच्या गोष्टीसाठी लागतं. 'एकि नि त्सुइता तोकि, देन्शा वा मोओ देते शिमात्ते इता.' स्टेशनवर पोहोचलो तोवर गाडी सुटून गेली होती.

कर्मणी रूपासोबत 'शिमाउ'ची जोडी फार वेळा जमते, कारण दोघांनाही गैरसोय सांगायची असते. 'आमे नि फुरारेते शिमाइमाशिता', पावसाने गाठलं. 'साइफु ओ नुसुमारेते शिमाइमाशिता', पाकीट मारलं गेलं.

नकारात 'शिमावानाइ' एकटं कमी येतं. ते बहुधा 'वासुरेते शिमावानाइ योओ नि' (विसरून जाऊ नये म्हणून) अशा रचनेत भेटतं. आणि करायचं ते शेवटपर्यंत झालंच नाही हे सांगायला पुढे एन१च्या अभ्यासात '-झुजिमाइ' येतं. तेही 'शिमाउ'चंच नाम. 'आएझुजिमाइ दात्ता', भेटायचं राहूनच गेलं. मराठीतलं 'राहूनच गेलं' आणि हे 'झुजिमाइ' इतके सख्खे आहेत की एन४लाच शिकून ठेवायला माझी हरकत नाही.

आठवी पायरी : स्वतः करून पाहा

खालच्या वाक्यांचं जपानी आधी स्वतः करा, मग उत्तरं वाचा.

१. बसमध्ये छत्री विसरलो हो. (चौकशी खिडकीवर)
२. निघायच्या आधी हे मेल लिहून टाकतो.
३. धाकट्या भावाने माझं आइस्क्रीम खाऊन टाकलं! (मैत्रिणीला)
४. पोहोचलो तेव्हा दुकान बंद होऊन गेलं होतं.
५. माफ करा, फाइल चुकून माझ्याकडून डिलीट झाली. (क्लायंटला)
६. पुण्यात होतो तेव्हा तिला भेटायचं राहूनच गेलं.

उत्तरं :

१. 'बासु नि कासा ओ वासुरेते शिमाइमाशिता.' नुसतं 'वासुरेमाशिता'ही समजेल, पण कोरडं वाटेल. 'शिमाइमाशिता' म्हटल्यावर समोरच्याला तुमची अडचण जाणवते.

२. 'देरु माए नि, कोनो मेएरु ओ काइते शिमाइमासु.' इथे 'काइते ओकिमासु' लिहिलं असेल तर तेही बरोबर, पण अर्थ बदलतो : पुढे उपयोगी पडेल म्हणून लिहून ठेवतो.

३. 'ओतोओतो गा वाताशि नो आइसु ओ ताबेच्यात्ता.' मैत्रिणीशी बोलताय, म्हणून आकसलेलं रूप. मराठी 'टाकलं' इथे समाधानाचं नाही, तक्रारीचं आहे, आणि 'च्यात्ता'ही तसंच. भाऊ मिटक्या मारत हेच सांगेल तेव्हाही तो 'ताबेच्यात्ता' म्हणेल, फक्त सूर वेगळा.

४. 'त्सुइता तोकि, मिसे वा मोओ शिमात्ते शिमात्ते इता.' तीन क्रियापदांची रांग : शिमारु, शिमाउ, इरु. हळूहळू म्हणा, मग वेग वाढवा.

५. 'मोओशिवाके आरिमासेन्. फाइरु ओ माचिगाएते केशिते शिमाइमाशिता.' 'किएते' लिहिलं असेल तर चौथी पायरी पुन्हा वाचा. मराठी वाक्यातलं 'झाली' जपानीत 'केली' व्हायलाच हवं.

६. 'पुने नि इता आइदा, कानोज्यो नि वा आएझुजिमाइ दात्ता.' 'आउ'चं शक्यार्थी रूप 'आएरु' घेतलं आहे, म्हणून 'भेटता आलं नाही' असा अर्थ निघतो. 'आवाझुजिमाइ' म्हटलं असतं तर भेट घेतलीच नाही एवढंच कळलं असतं. भेटायची इच्छा होती की नाही हे त्यातून समजत नाही.